तांब्यावरची तिन्हीसांज

चांगुणाच्या घरात देवाचं तांबं कधी हिरवं पडलं नाही. लग्न होऊन ती मुळशीतल्या भरे गावात आली तेव्हा सासूने पहिल्याच सकाळी तिच्या हातात चिंचेचा गोळा ठेवला होता. "देवाचं भांडं काळं ठेवायचं न्हाई. बाकी घरात तुला काय करायचं ते कर," असं म्हणून सासू चहाला निघून गेली होती. पुढे सासू गेली. गोठ्यातली गुरं गेली, गोठ्याच्या खोल्या झाल्या, त्या खोल्यांतून पिरंगुटच्या कंपन्यांतली कितीतरी पोरं राहून गेली. पण अंघोळ झाली की मागच्या दारच्या दगडावर बसायचं, ताम्हण, पळी, पंचपात्र आणि कलश चिंचेने आणि बंबाच्या राखेने लखलखीत करायचे, सूर्याला अर्घ्य द्यायचं आणि मगच पाण्याचा घोट घ्यायचा, हा नेम काही मोडला नाही. सूर्य ढगाआड असला तरी मोडला नाही, आणि मुळशीच्या पावसात तो चार-चार महिने ढगाआडच असतो.

त्यात चातुर्मास लागला की दर शनिवारी मौन. उठल्यापासून तिन्हीसांजेचा दिवा लागेपर्यंत शब्द काढायचा नाही. तिचा नवरा साहेबराव येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून सांगायचा, "शनवारी या चहाला. आमच्याकडं शनवारी लई निवांत असतंय." चांगुणा ऐकायची आणि गालातल्या गालात हसायची. तशी ती एरवीही हळूच बोलणारी. भांडणात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

खोल्यांच्या रांगेतली शेवटची, सगळ्यात मोठी खोली निरंजन मास्तरांची होती. शहरातल्या चित्रकलेच्या शाळेत जन्म घालवलेला माणूस. बायको मागेच गेलेली, एकुलती मुलगी सायली पुण्यात नोकरीला. मास्तरांबरोबर एक भलंमोठं लोखंडी यंत्र होतं, दोन रूळ आणि बाजूला जहाजाच्या सुकाणूसारखं चाक. ते चौथ्या मजल्यावर चढवायला कुठली सोसायटी तयार होईना, म्हणून मास्तर भऱ्यात आले. टेम्पोतून यंत्र उतरलं तेव्हा साहेबराव कमरेवर हात ठेवून म्हणाला होता, "मास्तर, रसवंती काढताय व्हय हितं?"

"रसच काढायचा," मास्तर म्हणाले, "पण उसाचा नाही, तांब्याचा."

तो रस कसा निघतो हे चांगुणाने पुढे डोळ्यांनी पाहिलं. दुपारी कापूस घेऊन ती त्यांच्या दाराशी वाती वळत बसायची. मास्तर तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर काळं मेण चढवायचे आणि सुईने त्यावर रेघा ओढायचे. मग पत्रा आम्लात. जिथं सुईने मेण उघडं केलं तिथंच आम्ल तांबं खायचं आणि रेघ खोल जायची. पुढे त्या रेघांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची, ओला कागद ठेवून चाक फिरवायचं. कागद उचलला की चित्र, आणि तेही उलटं. पत्र्यावर डावीकडे असलेलं झाड कागदावर उजवीकडे यायचं. त्याचं चांगुणाला शेवटपर्यंत नवल वाटलं.

पण तिला सगळ्यात आवडायचं ते मास्तरांचं पुसणं. मऊ मलमलीच्या तुकड्याने आधी, मग हाताच्या कडेने, वर्तुळात, कितीतरी वेळ. मध्येच पत्रा उजेडाकडे तिरपा धरून बघायचे आणि पुन्हा पुसायचे. तो हात बघताना तिला वाटायचं, हा माणूस देव मानत नाही म्हणतो, पण तांब्याची सेवा आपल्यासारखीच करतो.

उन्हाळ्याच्या अखेरीला मास्तरांनी एक पत्रा घेतला आणि त्यापुढे दुसरं कामच हातात धरलं नाही. त्यावर त्यांच्या कोकणातल्या गावचं खाडीचं तोंड होतं. चांगुणाने समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणजे तिच्या लेखी धरणाचं, ताम्हिणीकडे जाताना रस्त्याच्या कडेने दिसणारं. एके दिवशी मास्तरांनी पहिला छाप काढून तिच्यापुढे धरला. काळे कातळ, वाऱ्याने एका अंगाला कललेली सुरूची झाडं, किनाऱ्याकडे वळलेल्या होड्या. हे सगळं रेघांचं. पण तिची नजर अडकली ती पाण्यावर. जमीन काळी झालेली, पाणी मात्र अजून उजळ. सूर्य चित्रात कुठेच नव्हता, तरी तो आत्ता इथून गेला हे कळत होतं. बघताना तिला दाराशी जाऊन उभं राहावंसं वाटलं. गुरं होती तेव्हा ती परत यायच्या वेळेला रोज वाटायचं, तसं.

"ह्या होड्या कुटं चालल्यात?" तिने विचारलं.

"घरी."

"घरात अजून दिवा लागायचाय," ती म्हणाली.

मास्तरांनी हातातला छाप खाली घेतला. मग म्हणाले, "तेवढंच काढायचं आहे, वहिनी. ती दिव्याच्या आधीची वेळ. पण हे नाही जमलेलं, पाणी अजून बोलत नाहीये." आणि तिच्या देखत त्यांनी तो छाप बंबात घातला. तिचा जीव चरकला. मास्तर हसले. पुन्हा पत्र्यावर, पाण्याच्या आणि आभाळाच्या जागी, राळेची पूड भुरभुरवली, खालून गरम केलं, पुन्हा आम्लात बुडवलं, बाहेर काढलं, डोळ्यांजवळ नेलं. असं किती दिवस चाललं कुणास ठाऊक. एका संध्याकाळी ते हात धुऊन अंगणात आले आणि साहेबरावाला म्हणाले, "झालं. या खेपेला झालं."

"दावा की मग."

"आता नाही. या हवेत कागद बुरसेल. पाऊस सरू दे, मग छापू."

पत्रा मलमलीत गुंडाळून त्यांनी फळीवर ठेवला. पाऊस सरायच्या आतच, श्रावणातल्या एका सकाळी, मास्तर दारात पडले. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. साहेबरावाने शेजाऱ्याची गाडी काढून त्यांना दवाखान्यात नेलं. सायली धावत आली, खोलीची किल्ली चांगुणाच्या हातात देऊन रडत रडत म्हणाली, "काकू, खोलीकडे तेवढं बघा."

चांगुणाने बघितलं. रोज दार उघडून वारा दिला, ओल पुसली. दोन-चार दिवसांनी फळीवर हात गेला तर मलमल ओलीचिंब. वरून कौलातून थेंब गळत होते. तिने कापड सोडलं. पत्र्याच्या कडेने हिरवं धरलं होतं, मधेही काळपट डाग. तिला देवापुढचं निरांजन उपडं झाल्यासारखं वाटलं. मास्तर तिकडे खाटेवर, आणि इकडे त्यांच्या तांब्याची ही दशा! तिने पत्रा पदराखाली घेतला आणि मागच्या दारी नेला.

त्या दिवसापासून ताम्हणाबरोबर पत्राही दगडावर येऊ लागला. या हवेत हिरवं पुन्हापुन्हा धरायचं, ती पुन्हापुन्हा घासायची. चिंच लावायची, राख भुरभुरवायची, नारळाच्या काथ्याने वर्तुळात चोळायची, मास्तर चोळायचे तशीच. चोळताना सूर्याची नावं घ्यायची. मित्राय नमः, रवये नमः. आणि प्रत्येक नावापाठी मनात म्हणायची, त्या हाताला बळ दे रे बाबा. पत्रा रोज आणखी उजळायचा. रेघा तर अजूनच उठून दिसायच्या. तिला बरं वाटायचं. दवाखान्यात जाऊन ती काय करणार होती? आपल्या हातून होणारं एवढंच होतं.

सायलीचा फोन आला. "काकू, बाबा दुसरं काही मागतच नाहीत. पत्रा, पत्रा, एवढंच. तो हात काही परत येणार नाही म्हणतात डॉक्टर. निदान ते चित्र तरी त्यांना बघू दे. शनिवारी घेऊन येते त्यांना आणि मीच छापते. लहानपणी शिकवलंय त्यांनी."

"ये बाय," चांगुणा म्हणाली. "समदं तयार हाय."

शुक्रवारी तिने नवा काथ्या घेतला.

शनिवारी दुपारी मास्तर आले. साहेबरावाने त्यांना उचलूनच आपल्या घराच्या पुढच्या सोप्यात आणलं, खिडकीपाशी खाट टाकली होती तिच्यावर टेकवून बसवलं. "वजन कमी केलं व्हय मास्तर? दवाखान्यात जेवण बरं नव्हतं का?" तो म्हणाला. मास्तरांचा अर्धा चेहरा हसला. चांगुणाचं मौन होतं. तिने नुसते हात जोडले आणि लगबगीने सायलीला अंगणापलीकडच्या खोलीत नेलं.

सायलीने शाई काढली, कागद भिजत घातला, यंत्राला तेल दिलं. मग मलमल सोडली. पत्रा इतका लख्ख होता की छताचा बल्ब त्यात जसाच्या तसा दिसला.

सायलीने पत्रा तिरपा केला, सरळ केला, पुन्हा तिरपा केला.

"काकू, हे कुणी केलं?"

चांगुणाने हसून स्वतःच्या छातीकडे बोट केलं. मग तळहातावर मूठ फिरवून दाखवली. अशी, रोज, गोल गोल.

सायली मटकन खाली बसली. चांगुणाला वाटलं, पोरीला जागरणाने घेरी आली. ती पाणी आणायला वळली तर सायलीने तिचा पदर धरला.

"काकू, रेघा खोल असतात. त्या राहतात. पण तो उजेड, ते पाणी, ते सगळं वरवर असतं हो! राळेच्या कणांनी तांब्यावर बारीक खरखर उठते, बोटालासुद्धा नीट लागत नाही. तिच्यात शाई धरते. तीच घासली गेली." तिचा आवाज चढला. "त्याला हात लावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणी सांगितलं होतं?"

चांगुणाचा हात अजून हवेत तसाच होता, मूठ वळलेला. तिने तो खाली घेतला. मग पत्र्याकडे बोट दाखवून, भुवया उंचावून तिने विचारलं. पुन्हा? पुन्हा करता येईल?

"कोण करणार?" सायली म्हणाली. "कुठे किती ठेवायचं ते त्यांच्या हातालाच माहीत होतं." आणि मग डोळे पुसून, दाराकडे बघत, हलक्या आवाजात म्हणाली, "बाबांना कळता कामा नये. मनाला लागेल असं काही होऊ देऊ नका म्हणालेत डॉक्टर. शाईच खराब निघाली म्हणून सांगू. तुम्ही नाहीतरी आज बोलत नाहीच."

तिने छापलं. छापणं भागच होतं, पलीकडे माणूस वाट बघत बसला होता.

कागद मास्तरांच्या डाव्या हातात दिला तेव्हा चांगुणा सोप्याच्या उंबऱ्यापाशी उभी होती. तिथूनही तिला दिसलं. कातळ होते, सुरू होते, होड्या होत्या, एकही रेघ कमी नव्हती. आणि त्यांच्यामध्ये पाणी कोरं पांढरं, आभाळ कोरं पांढरं.

मास्तरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"दु...पार," ते म्हणाले.

"शाई पातळ झाली, बाबा. थांबा, परत काढते."

दुसऱ्या खेपेला सायलीने शाई नीट पुसलीच नाही, मुद्दाम थोडी वर राहू दिली. सगळ्या चित्रावर सारखा राखाडी थर आला. आता दुपारी आभाळ भरून आल्यासारखं दिसत होतं. तिन्हीसांज नव्हती.

मास्तरांनी दोन्ही कागद मांडीवर ठेवले. मग डाव्या हाताने, एखादी परकी वस्तू उचलावी तसा, आपला उजवा हात उचलून कागदांवर ठेवला.

"हा," ते म्हणाले. शब्द एकेक करून येत होते. "हा आधीच... गेला होता."

"नाही हो बाबा, शाई..."

"मला वाटलं... जमलं." त्यांनी मान हलवली. "जमलंच... नव्हतं. कळलं नाही... मला."

सायलीने चांगुणाकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच विनवलं, नका.

दिवा लागायला अजून वेळ होता. तोवर गप्प राहणं हा चांगुणाचा नेम होता, आणि गप्प राहिलं तर कुणी तिला बोल लावणार नव्हतं. पोरगीही तेच मागत होती. इतकी वर्षं मौनाचा तिला कधी भार झाला नव्हता. आज तो नेम भिंतीसारखा पुढे उभा होता आणि त्या भिंतीआड लपून ती एका माणसाला त्याच्या हातावरचा विश्वास सोडताना बघत होती. तो हात चांगला होता. हे या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"म्या घासला," ती म्हणाली.

अंगणात काहीतरी करणारा साहेबराव दचकून म्हणाला, "अगं, शनवार हाय आज!"

"मास्तर, तुमचा हात बरा व्हता. तुमी लई चांगलं काढलं व्हतं. पत्रा म्या घासला. चिंचनं आन् राखनं. रोज घासला."

"काकू!" सायली म्हणाली.

मास्तर चांगुणाकडे बघत होते. "कशा...नं?"

"काथ्यानं."

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा सायलीला म्हणाले, "पत्रा."

तिने आणून दिला. मास्तरांनी डाव्या अंगठ्याचं पेर पाण्याच्या जागेवर ठेवलं आणि हळूहळू सरकवलं. किनाऱ्यापासून होड्यांपर्यंत, होड्यांपासून वर आभाळापर्यंत. अंगठा कुठेच अडला नाही.

"होतं," ते म्हणाले. त्यांचा अर्धा चेहरा क्षणभर उजळला. "इथं... होतं."

अंगठा तिथंच राहिला.

"गेलं," ते म्हणाले.

चांगुणा खाटेच्या पायथ्याशी बसली. "रागवा की मास्तर. चार शब्द बोला मला."

"का... घासला?"

"हिरवा पडला व्हता. तुमी दवाखान्यात... मला वाटलं, तुमच्या हाताला..." प्रत्येक नावागणिक आपण काय मागत होतो आणि त्याच नावागणिक काय पुसत होतो, हे तोंडाने म्हणायचा धीर तिच्यात नव्हता.

मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर तिला काहीतरी धरायला मिळालं असतं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. पत्रा मांडीवरून घसरून गोधडीवर पडला. छतावरचे वासे त्यात स्वच्छ दिसत होते.

बाकीचा दिवस तसाच गेला. सायली अंगणात फोनवर कुणाकुणाला विचारत होती, पत्रा पुन्हा करता येईल का, कुणी करून देईल का. पलीकडचं उत्तर काय येतंय ते तिच्या "हो... हो, बरोबर आहे" मधून कळत होतं. चांगुणा एकदा पाणी घेऊन गेली, मास्तरांनी घेतलं. एकदा भात कालवून नेला, तो सायलीने भरवला.

मग बाहेर पाऊस जरा थांबला आणि ती वेळ आली. डोंगर काळे झाले, भाताच्या खाचरांत साठलेलं पाणी तेवढं उजळ राहिलं. चांगुणाने तुळशीपुढे दिवा लावला, देवापुढे लावला. तिसरी समई रोज सोप्यात ठेवायची असते, ती हातात घेऊन ती आत आली. खोलीत अंधारलं होतं. मास्तर जागे होते, दुपारच्या दोनांतला पहिला, कोऱ्या पाण्याचा छाप छातीवर धरून.

"वहिनी," ते म्हणाले. "दिवा... इकडं."

ती खाटेशी गेली. मास्तरांनी डाव्या हाताने कागद उभा धरला आणि हनुवटीने खूण केली. खाली. अजून खाली. डावीकडे. तिने समई खाली घेतली, वातीला तळहाताचा आडोसा केला. पिवळा उजेड कागदाच्या पांढऱ्यावर पसरला, कातळाच्या रेघा मऊ झाल्या, पाण्याच्या जागी कायसं हललं. चांगुणाला वाटलं, येतंय. आत्ता येतंय. सूर्यनारायणा, एवढ्यापुरतं तरी येऊ दे.

मास्तर डोळे बारीक करून बघत होते. तिने आडोसा थोडा वाढवला. थोडा कमी केला.

"नाही," मास्तर म्हणाले. रागाने नाही, पोरांचं चित्र तपासताना म्हणत असतील तसं. "हा दिवा... लागलेला आहे."

त्यांचा हात थकला आणि कागद खाली आला.

चांगुणा तशीच उभी राहिली. खिडकीबाहेर ती वेळ अजून होती, खाचरांतलं पाणी अजून उजळ होतं. हातातला दिवा नसता तर तो बाहेरचा उजेड थोडा आत आला असता, कागदावर पडला असता. पण देवाच्या नावाने लावलेला दिवा तिने आजवर कधी फुंकला नव्हता, आणि तो घेऊन बाहेर जावं तर मास्तर अंधारात राहतात. ती दोन्ही हातांनी ज्योत झाकायला बघत होती. बोटांच्या फटींतून उजेड येतच होता.